वाकड्या चालीचा शब्द

मी एक बूट बोलतोय. जोडीतला डावा. उजव्याला काही विचारू नका. त्याच्या वाट्याला सरळ पाय आला, त्यामुळे जगात काय चाललंय याची त्याला कधी शंकाच आली नाही.

तुम्ही माणसं एकमेकांचे चेहरे बघता आणि फसता. मी चेहरे फार कमी पाहिले. मी चाल पाहतो. दारापाशी कोण थबकतो, बोलताना कुणाचा अंगठा उगाच जमीन टोकरतो, खोलीत कुणी आलं की कुणाची पावलं खुर्चीखाली सरकतात, हे सगळं मला दिसतं. आणि जे दिसतं त्यावर मी पटकन विश्वास ठेवत नाही. स्वभावच तसा आहे.

माझा जन्म जबलपूरच्या सदर बाजारातला. नवं मध्य प्रदेश राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते. नागपूरचं राजधानीपण गेलं, हायकोर्ट जबलपूरला आलं आणि त्याच्या मागोमाग वकील, कारकून, टायपिस्ट अशी कितीतरी मराठी बिऱ्हाडं तिलवाऱ्याला नर्मदा ओलांडून इकडे आली. त्यांतलाच एक अंबादास. नवाच वकील झालेला, लग्नही नवंच. लहानपणी मुडदूस झाल्यामुळे त्याचा डावा पाय गुडघ्यापासून बाहेरच्या अंगाला वाकलेला. गावातली पोरं त्याला ‘फेंगड्या’ म्हणायची. वकील झाल्यावर कुणी म्हणत नव्हतं, पण त्याच्या कानात ते शिल्लक होतं.

सदरमध्ये फौजी अफसरांचे बूट शिवणारा एक म्हातारा होता. त्यानं अंबादासला कागदावर उभं केलं, पेन्सिल फिरवली आणि बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिला.

“बाहर की तरफ तला मोटा रखूँगा, साहब,” तो म्हणाला. “पैर अपने आप सीधा पड़ेगा.”

असा मी तयार झालो. एका बाजूनं जाड, एका बाजूनं पातळ. दुकानात ठेवलं असतं तर कुणीही म्हणालं असतं, हा बूट बिघडलाय. पण अंबादासनं मला घातलं, चार पावलं टाकली आणि तो रस्त्यातच हसला. सदरपासून शहरातल्या बडा फुहाऱ्याच्या चौकापर्यंत तो चालत आला. तिथं कापड दुकानांच्या मागच्या गल्लीत त्याचं बिऱ्हाड होतं. बायकोला, अनसूयाला, त्यानं ओट्यावरूनच हाक मारली.

“पाहून राहिली का? सरळ चालून राहिलो मी!”

“बाप्पा! खरंच की,” ती म्हणाली आणि मला उचलून फडक्यानं पुसू लागली. एवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

अंबादास भय्यासाहेबांच्या हाताखाली काम करायचा. भय्यासाहेब मूळ जबलपूरचेच. भोसल्यांच्या चाकरीत आलेलं त्यांचं घराणं. कायदा नागपूरला शिकले, वकिलीही बरीच वर्षं तिथंच केली, आणि हायकोर्ट आपल्या गावी येताच परतले. येताना अंबादासला घेऊन आले. त्यांना लॅटिनची हौस होती. कोर्टात एखादं लॅटिन वचन टाकलं की त्यांची मान ताठ व्हायची.

“अंबादास, इंग्रजी शब्दाचा वरचा अर्थ सभ्य असतो,” ते नेहमी सांगायचे. “खरा अर्थ काढायचा तर लॅटिनमध्ये उतर.”

अंबादास हे देववाणीसारखं ऐकायचा. मी मात्र टेबलाखाली त्यांचे बूट बघायचो. चकचकीत, काळे, निमुळते. बोलताना ते एकमेकांवर चढायचे आणि उतरायचे.

त्याच सुमारास जबलपूरजवळच्या पनागरची सत्यभामाबाई आमच्याकडे आली. पन्नाशीच्या आतली विधवा. नवऱ्यामागे तिच्या वाट्याला आलेली भाजीपाल्याची जमीन तिचा दीर बाबाराव दाबून बसला होता. तो म्हणे, भावाच्या हयातीतच वाटणी झाली आणि ही जमीन माझ्याकडे आली. ती म्हणे, वाटणी झालीच नाही. गावातली चार माणसं खरं सांगणारी होती. दावा सोपा वाटत होता.

पण विचित्र घडू लागलं. आम्ही एखाद्या साक्षीदाराचं नाव ठरवावं आणि तारखेआधीच तो माणूस फिरावा. एक ऐनवेळी तीर्थयात्रेला गेला. दुसरा म्हणाला, मला काही आठवत नाही. ही नावं ठाऊक असायची फक्त तिघांना: सत्यभामाबाईला, भय्यासाहेबांना आणि अंबादासला.

“साहेब, आपल्या घरातूनच कोनीतरी सांगून राह्यलं,” सत्यभामाबाई एकदा भय्यासाहेबांपुढे बोलली. बोलताना तिची भेगाळलेली अनवाणी पावलं अंबादासच्या दिशेनं वळली होती. ते त्यालाही कळलं असावं, कारण त्यानं मला खुर्चीखाली ओढून घेतलं.

आता मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. एका रविवारी अंबादास भय्यासाहेबांच्या घरी काही कामासाठी गेला. मागच्या व्हरांड्यात पुरुषाच्या पंपशूची एक जोडी काढून ठेवली होती. भारी चामडं, पण शिवणीत ओली काळी माती. शहरातल्या माणसाच्या जोड्याला अशी माती नसते. ती शेताच्या बांधावरची. हीच जोडी मी कोर्टाच्या व्हरांड्यात, बाबारावच्या पायात, पाहिली होती. मला तिथंच वास आला. पण अंबादासनं खाली बघितलंच नाही. तो भय्यासाहेबांच्या मुलीशी, विनताशी, दोन शब्द बोलला. तिचं लग्न ठरत होतं, घरात गडबड होती. काम झालं आणि आम्ही परतलो. मला बोलता येत नाही याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

त्यानंतर तो ट्रंककॉल आला. नागपूरहून. भय्यासाहेबांचे जुने मित्र रामराव वकील बोलत होते. त्या काळी नागपूरशी बोलायचं तर ओरडावंच लागायचं, त्यामुळे बाहेरच्या खोलीत टाइपरायटरच्या खडखडाटातही भय्यासाहेबांचा आवाज येत होता. सगळं इंग्रजीत. मध्येच ते एकदम जोरात म्हणाले, “प्रिव्हॅरिकेटर!” आणि लगेच पुढच्या दमात, “अंबादास?” मग त्यांचे बूट दाराकडे आले आणि दार बंद झालं.

अंबादास उठून उभा राहिला होता. माझ्यावर त्याचा सगळा भार आला.

घरी येऊन त्यानं इंग्रजी कोश उघडला. बूट काढायचंसुद्धा त्याला सुचलं नाही. अनसूया मागून ओरडली, तरी तो तसाच आत गेला.

“काय पाहून राहिले एवढं?”

“एक शब्द. भय्यासाहेब मले काहीतरी म्हणाले.”

“काय म्हणाले?”

“सरळ उत्तर न देणारा. टाळाटाळ करणारा.”

“तुम्ही?” ती हसली. “तुम्हाला तर टाळताच येत नाही काही. परवा आईंना तोंडावर सांगितलं, भाजी खारट झाली म्हणून.”

पण तो हसला नाही. भय्यासाहेबांची शिकवण त्याच्या डोक्यात बसली होती. वरचा अर्थ सभ्य असतो. मग खालचा कोणता?

छावणीच्या बाजूला मिस क्लारा नावाची एक निवृत्त अँग्लो-इंडियन बाई राहायची. कधीकाळी ती मुलांना लॅटिन शिकवायची. अंबादास तिच्याकडे गेला. तिच्या घरी बूट काढायची रीत नव्हती, म्हणून मीही आत गेलो. तिच्या पायात मऊ कापडी सपाता होत्या, आणि त्या अजिबात लपवाछपवी करत नव्हत्या. ज्याच्याशी बोलायची त्याच्याकडे सरळ रोखलेल्या.

तिनं शब्द ऐकला आणि खूश झाली. “अच्छा! बहुत पुराना लफ्ज़ है. इसके पेट में एक और लफ्ज़ बैठा है. वारुस. जानते हैं वारुस किसे कहते थे? जिसका पैर घुटने से टेढ़ा हो. उससे बना वारिकारे, टाँगें फैलाकर चलना...” ती थांबली. तिची नजर खाली माझ्यावर आली. आणि लपवणं तिच्या स्वभावातच नसल्यामुळे ती म्हणाली, “जैसे आपका पैर है.”

अंबादास उठला. ती मागून काहीतरी म्हणत होती, “सुनिए तो, बात अभी...” पण आम्ही फाटकाबाहेर होतो.

फेंगड्या. लॅटिनमधून, इंग्रजीतून, कोटाबूटातून, नागपूरच्या वकिलाशी बोलताना, पुन्हा तेच.

मी खूप चाली पाहिल्यात, पण त्या संध्याकाळची अंबादासची चाल मला आठवू नये असं वाटतं. तो मुद्दाम पाय फाकून चालत होता. जणू सगळ्या रस्त्याला दाखवत होता, बघा, हा असाच आहे. बडा फुहाऱ्याच्या गर्दीत दोन माणसांना त्याचा धक्का लागला. घरी पोचल्यावर त्यानं मला काढलं आणि ओट्याखाली ढकललं.

दुसऱ्या दिवशी तो चपला घालून ऑफिसला गेला.

ओट्याखाली मी धूळ खात पडलो. वरून मला बोलणं ऐकू यायचं. त्याचा पाय सुजू लागला होता. अनसूया तेल चोळायची आणि भांडायची.

“काहून स्वतःचे हाल करून राहिले? त्या बुटानं काय केलं तुमचं?”

“त्या बुटानं वाकडेपण झाकतो ना मी. लोक म्हणतात, हा सरळ नाही.”

“कोण लोक? एक माणूस. तोही दार लावून बोलला. आणि तुम्ही कोनाकोनावर डूख धरून बसले. काल शेजारचे दादा हसले तर म्हणे मले पाहून हसले. परवा माझ्यावर संशय, की मी माहेरी तुमच्या पायाचं काही बोलली. असं किती दिवस चालायचं?”

वर तेलाची वाटी आपटल्याचा आवाज आला.

“त्या लॅटिनवाल्या बाईंनी पूर्ण सांगितलं का त्या शब्दाचं?”

“अर्ध्यातच उठलो मी.”

“मग अर्ध्यावरच हे सगळं?” ती म्हणाली. मग ती ओट्यावरून उतरली, वाकली आणि मला बाहेर काढलं. पदरानं धूळ झटकली. “चला, घाला. मी पण येते.”

मिस क्लाराला पाहुण्यांचं आश्चर्य वाटलं नाही. “आप आधी बात छोड़कर चले गए थे,” ती म्हणाली. “मुझे नींद नहीं आई.” तिनं अनसूयाला जवळ बसवलं आणि सावकाश सांगू लागली. तिचं हिंदी, मधूनमधून इंग्रजी. अनसूयाला समजेना तिथं अंबादास मराठीत सांगायचा.

तो शब्द वाकड्या पायापासून निघाला हे खरं. मग तो नांगरापाशी आला. नांगर धरणारा नीट वाकला नाही की तास, म्हणजे नांगराची रेघ, वाकडं जातं. त्या वाकड्या जाण्यालाही रोमन लोक हाच शब्द वापरायचे. आणि तिथून तो कोर्टात शिरला. कोर्टात त्याचा अर्थ एकच होता. जो वकील एका पक्षाची बाजू घेऊन उभा राहतो आणि आतून दुसऱ्या पक्षाला सामील असतो, तो. एक पाय इकडे, एक पाय तिकडे. टाळाटाळीचा अर्थ त्या मानानं फार नंतरचा, निवळलेला.



“म्हणजे पायाचं नाही,” अनसूया हळूच म्हणाली.

“पायाचं असतं तर बरं झालं असतं,” अंबादास म्हणाला. “ते समजून राहिले की साक्षीदार मी फोडले.”

आम्ही निघताना मिस क्लारा म्हणाली, “एक और सुनिए. शक के लिए भी लॅटिन में एक लफ्ज़ है. उसका मतलब है, नीचे से देखना. नीचे से पूरा आदमी नहीं दिखता. सामने जाकर पूछिए.”

मला ते जरा लागलं. मी जन्मभर खालूनच बघतोय, आणि बाबारावचे जोडे खालूनच दिसले होते. पण तिच्या बोलण्यात तथ्य होतं. मला जोडे दिसले, त्यामागचं कारण दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंबादास भय्यासाहेबांच्या खोलीत गेला आणि बसला नाही.

“भय्यासाहेब, तुम्ही फोनवर मला प्रिव्हॅरिकेटर म्हणाले. मी त्याचं मूळ पाहून आलो. मी साक्षीदार फोडले असं तुम्हाला वाटत असेल तर माझ्या तोंडावर सांगा.”

टेबलाखालचे काळे बूट एकमेकांवर चढले आणि तसेच राहिले.

“काय मूळ पाहिलंस?” भय्यासाहेबांनी विचारलं. अंबादासनं सांगितलं. पाय, नांगर, कोर्ट. भय्यासाहेब ऐकत होते. पंखा फिरत होता. मग त्यांचे बूट एकमेकांवरून उतरले आणि जमिनीवर सपाट टेकले. इतके सपाट मी ते कधी पाहिले नव्हते.

“तुला म्हणालो नव्हतो,” ते म्हणाले. “रामराव मलाच तसं म्हणाला. मी नुसता तो शब्द परत उच्चारला. मग विचारलं, तुला हे अंबादासनं कळवलं का?”

अंबादासनं खुर्ची ओढली. तो बसला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. विनताचं लग्न ज्या घरात ठरत होतं ते घर बाबारावच्या बहिणीचं. मुलगा चांगला, विनताला पसंत. बाबारावनं एकदा नुसतं सुचवलं, आपण आता सोयरे होणार, कोर्टात एकमेकांना काय ओढायचं? भय्यासाहेबांनी एक नाव सांगितलं. मग दुसरं मागितलं गेलं. आणि बाबारावनं नागपुरात कुठल्याशा पंगतीत बढाई मारली, वकील त्यांचा पण माणूस आपला, ती रामरावांच्या कानावर गेली.

“ती बाई माझ्यावर संशय घेऊन राहिली होती,” अंबादास म्हणाला. “तुमच्यासमोर बोलली. तुम्ही ऐकून घेतलं.”

“घेतलं.”

“तुम्ही काही बोलले नाही.”

भय्यासाहेबांचे बूट खुर्चीखाली सरकले. मग ते म्हणाले, “मी केस सोडतो. तू काय करणार? बार कौन्सिलकडे तक्रार करणार?”

“विनताताईंचं लग्न आहे,” अंबादास म्हणाला. “मी फक्त सत्यभामाबाईंकडे जाणार. त्यांना खरं सांगणार.”

त्या दिवशी त्यानं ते ऑफिस सोडलं.

पनागरला सत्यभामाबाई दुसऱ्याच्या शेतात वांगी तोडत होती. तिनं बांधावर उभं राहून सगळं ऐकलं. अंबादास म्हणाला, “आता दावा मी चालवतो. तुमची इच्छा असेल तर.”

तिनं हातातली वांगी टोपलीत टाकली. “तू बी त्याच्याच दारातला,” ती म्हणाली. “त्यानं चांगलं तोंड करून मले फसवलं. तू वाईट तोंड करून फसवशील.”

“मग दुसरा वकील बघा. मी कागद त्याला देतो.”

“दुसरा कोनाचा सोयरा निघंल काय सांगावं?” ती म्हणाली. “तूच चालव. पन साक्षीदार कोन, ते मी तुले सांगणार नाही. तारखेच्या सकाळी घेऊन येईन.”

“असं कसं चालंल बाई? मला तयारी...”

“खऱ्याला काय तयारी लागते?”

माझ्या आयुष्यात भेटलेलं हे पहिलं माणूस, जे माझ्यापेक्षा संशयी होतं. मला ती फार आवडली.

आणि तसंच झालं. तारीख आली. अंबादास कोर्टाच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. माझा तळ झिजेल एवढ्या. पलीकडे बाबारावचे पंपशू निवांत उभे होते. मग सत्यभामाबाई आली आणि तिच्यामागून एक म्हातारी, डोक्यावर पदर, हातात काठी. राधाबाई. बाबारावची स्वतःची सासू.

पंपशू दोन पावलं मागे गेले.

राधाबाईनं जास्त काही सांगितलं नाही. वाटणी झाली असती तर पंगत झाली असती, पंगत झाली असती तर ती बोलावली गेली असती. ती पनागरला लेकीकडे दर वर्षी महिना महिना राहायची आणि विहिरीचं पाणी दोन्ही घरं एकत्र काढायची, हे तिनं सांगितलं. बाबारावच्या वकिलानं तिला उलटं फिरवायचा खूप प्रयत्न केला.

“जावयाच्या विरोधात बोलताय, आजी. काही राग आहे का?”

“राग नाही,” ती म्हणाली. “लेक माही त्याच्याच घरी आहे. म्हणूनच आली. खोट्याच्या घरात तिनं किती दिवस काढावे?”

सगळं मिळालं नाही. विहिरीकडची जमीन सत्यभामाबाईला मिळाली. वरच्या तुकड्याबद्दल बाबाराव पुढं लढत राहिला आणि शेवटी तो तुकडा तिनंच सोडला. पण हंगाम आला की तिची वांगी, भेदरं, म्हणजे टोमॅटो, बडा फुहाऱ्याच्या घरी यायची. “वकीलसाहेबाले द्या,” एवढाच निरोप. विश्वास बसला असं ती तोंडानं कधी म्हणाली नाही.

विनताचं लग्न झालं. संसार चांगला झाला. अंबादासची वकिली बेताची राहिली, पण राहिली. माझे तळ कितीदा बदलले. उजवा जोडीदार दोनदा नवा आला. मी तोच.

बऱ्याच वर्षांनी भय्यासाहेब वारले. त्यांना तिलवाऱ्याला नेलं. अंबादास गेला. घाटाच्या वरच्या पायरीवर त्यानं मला काढून ठेवलं आणि अनवाणी खाली उतरला. परत आला तेव्हा त्याच्या मागून विनता आली. डोळे सुजलेले. तिची पावलं ओल्या पायरीवर त्याच्या पावलांशेजारी थांबली.

“काका, एक विचारू? बाबा शेवटी शेवटी तुमचंच नाव काढत होते. तुम्ही त्यांना का सोडून गेलात?”

अंबादास पायरीवर बसला आणि मला पायात चढवू लागला. माझी नाडी बांधायला त्याला नेहमी क्षण पुरायचा. त्या दिवशी तो बांधत राहिला, सोडत राहिला, पुन्हा बांधत राहिला.

“त्यांच्या ऑफिसला जिना होता ना, बेटा,” तो म्हणाला. “माझ्या या पायाला झेपत नव्हता.”

“एवढंच?”

“एवढंच.”

 तिला पटलं की नाही, मला तिच्या पावलांवरून ओळखता आलं नाही. ती तशीच उभी राहिली. मग सासरचं कुणीतरी हाक मारायला आलं आणि ती गेली.

मला आता कुणी घालत नाही. चामडं तडकलंय, शिवण सुटलीय. अंबादासला डॉक्टरनं हलकी नवी पादत्राणं दिलीत. नात मला पाहून हिंदीत विचारते, “आजोबा, ये एक तरफ से मोटा क्यों है?” आणि आजोबा तिला मराठीत उत्तर देतात, जे तिला निम्मंच कळतं. अनसूया मला टाकू देत नाही. जिन्याखालच्या कपाटात मी आहे.

एवढं सगळं तुम्हाला सांगितलं, कारण कुणाला तरी सांगायला हवं होतं. विनताताई अजून जबलपुरातच राहतात. म्हातारं माणूस, सुखी घर. बाजारात, देवळात कुठंही भेटतील. त्यांच्या कानावर यातलं काही जाऊ देऊ नका. तुम्ही भले असाल. पण तुम्हाला मी चालताना पाहिलेलं नाही, म्हणून ही विनंती करून ठेवतोय.